शिंपलीमाणूस आणि माझं मत

४ तारीख, रविवार
माझ्या टेबलावर चहाचे डाग पाडायचे आणि वर मलाच न्यायाधीश करायचं – ही कुठली रीत?
दर रविवारी चौघं जमतात. माझी नात, तिची मैत्रीण शिंपीण, औषधवाला आणि सायकली दुरुस्त करणारा, त्याला सगळे मास्तर म्हणतात. मास्तर गोष्ट सांगतो, बाकीचे फासे टाकून त्यात लढतात. प्रत्येकाचं एक सोंग. नातीचं सोंग शिंपलीमाणूस. पाठीवर शिंपला, देठावर डोळे, तोंडच नाही. शिंपल्यावर टकटक करून बोलायचं.
त्यावरूनच आज जुंपली. औषधवाला म्हणे, "आम्ही झुंजायचं आणि हा आत शिरून बसणार!" मास्तर म्हणे, "असली जात राक्षसांतच बरी. मारायला." शिंपीण म्हणे, "राहू दे की. तुझं काय खातंय?" नात म्हणे, "तीही माणसंच आहेत."
दोन विरुद्ध दोन. "आजी, तुम्ही सांगा."
मी भाजी निवडत होते. मान वर न करता म्हटलं, "ज्याला तोंड नाही त्यानं जगून करायचं काय? टाका मारून."
सगळे हसले. मास्तरनं फासे टाकले. मेला शिंपलीमाणूस.
नात हसली नाही.

५, सोमवार
बोलत नाही.

९, शुक्रवार
अजून नाही. ताट उचलते, धुते, दार लावून घेते. तिची आई गेली – माझीच लेक ती – तेव्हापासून ही घरात मुकीच. तोंड उघडायची ते रविवारी, त्या टेबलापाशी. मला ठाऊक होतं. तरी जीभ चालवली. म्हातारीची जीभ तेवढी झिजत नाही.

११, रविवार
तिघं आले. ती खोलीबाहेर आली नाही. चहा पिऊन गेले. डागसुद्धा पडला नाही.

१४, बुधवार
सायकलच्या दुकानात गेले. मास्तर वाकडं चाक सरळ करत होता. म्हटलं, "माझं मत मला परत दे."
"आजी, मेलेलं सोंग उठत नाही. नियम आहे."
"नवीन कुणी खेळायला बसलं तर?"
"नव्या माणसानं हवी ती जात घ्यावी."
छापील बारीक अक्षर मला आता दिसत नाही, म्हणून त्यालाच खेळाच्या पुस्तकातलं त्या जातीचं पान वाचायला लावलं. शिंपलीमाणसाची टकटक दुसऱ्या शिंपलीमाणसालाच कळते. बाकी कुणाला नाही.
म्हणजे इतके महिने पोर ठोकत होती आणि टेबलावर कळणारं एकही नव्हतं.
घरी चालत आले. वाटेत दोनदा बसले.

१८, रविवार
टेबल ओढून तिच्या दाराला लावलंय. मीही खेळात – शिंपलीमाणूस. दारावर तीनदा ठोकलं. मास्तर विचारतो, "आजी, काय म्हणताय?" गप बसा म्हटलं, तिघंही. उत्तर तिनंच द्यायचं.