शेषरावने काढून ठेवलेलं चाक

परतवाडा, मंगळवार, संध्याकाळ

चार दिवस ती जीप समोर शेषरावच्या गॅरेजपुढे उभी होती, पुढचं चाक काढलेलं. माझ्या दुकानातून सरळ दिसायची. चहासुद्धा पाठ फिरवून घेत होतो.

याच जीपचं इंजिन पोळ्याआधी मी बांधलं. मालक दिनकर म्हणाला, "काका, धारणीची एक फेरी मारून येतो, मंग हिशोब करू." मी चावी दिली. तो फिरकलाच नाही. ब्रेक बिघडले तेव्हा गेला शेषरावकडे. त्याने काम केलं, चाक आत ठेवलं आणि म्हणाला, "पैसे आन, चाक ने."

दुपारी वकीलसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, मजुरी मिळेपर्यंत गाडी अडवायचा हक्क कारागिराला असतो, पण गाडी ताब्यात आहे तोवरच. सोडली की हक्क गेला, मग दावा लावा. म्हणजे शेषराव कायद्याने बरोबर. मी चाळीस वर्षं नट-बोल्टांवर पाने फिरवून चूक?

वर शेषराव मलाच म्हणतो, "काका, चावी काहून देल्ली? शब्दाले कुलूप नसते."

काहून दिली? इथे तरी खरं लिहावं. तेव्हा शेषराव समोरून पाहत होता. माझं गिऱ्हाईक माझ्या शब्दावर चालतं, हे त्याला दाखवायचं होतं.

आज दिनकरने शेषरावचे पैसे दिले, वर हातही जोडले. चाक बसलं, जीप निघाली. मी कान देऊन ऐकलं. इंजिन एकदम साफ चालत होतं.