राई बाहेर राहिली

१२ फेब्रु., बुध.
गावच्या रानाची हद्द चालून पुरी. साडेचार तास, ६१ खुणा. रेघेच्या आतलं गावाच्या वहिवाटीचं, बाहेरचं वनखात्याचं. मोबाईलवर मोजणी माझी मीच शिकलो. सातवी नापास म्हणणाऱ्यांनी येऊन बघावं. देवराईत चप्पल, मोबाईल न्यायचा नाही ही रीत. मोबाईल बाहेर ठेवला की रेघ तुटते, म्हणून राई बाहेर ठेवून गावाच्या बाजूनं वळसा घातला. घरी बसून नकाशात राई आत घेईन.

२० फेब्रु., गुरु.
ग्रामसभा. नकाशा भिंतीवर. वरच्या वाडीची पारूआक्का उठली. तळं, देऊळ बोटानं हुडकलं, मग म्हणाली, "आप्पा, राई भाईर गेली रं. झरा बी." सगळ्या वाडीचं पिण्याचं पाणी त्या झऱ्याचं.
मी म्हणालो, "आक्का, उपग्रह वरनं बघतोय. तू शेणीच्या पाटीखालनं."
सभा हसली. अध्यक्ष जास्तच. आक्का खाली बसली. मग कोणीच काही विचारलं नाही. सह्या झाल्या.
घरी येऊन बघितलं. वळसा तसाच. आत घ्यायचा राहिला. उद्या जाऊन सांगावं, की…

४ मार्च, मंगळ.
नाही सांगितलं. वनखात्यानं माझ्या रेघेवर खांब रोवून तार ओढली. टेप लावून बघितलं, माझ्या रेघेपासून वीतभरसुद्धा फरक नाही. काम नेमकं. राई तारेपलीकडं खात्याकडं, झरा पण. आक्काला गार्ड म्हणाला, नकाशा तुमच्याच गावानं दिलाय. वाडी आता तळ्याचं पाणी भरते. त्यात म्हशी बसतात.

११ मार्च, मंगळ.
आक्का दारात. गावाचे अर्ज मीच लिहितो; सीमेवरचं गाव, म्हणून कन्नडातले पण.
"हरकत लिवून दे. तुझ्याबिगर नीट कोण लिवतंय?"
"काय लिहू?"
"नकाशा चुकलाय म्हून."
"कुणाच्या हातनं, ते विचारतील."
ती चप्पल घालत होती. वर न बघता म्हणाली, "त्ये तूच लिव." कोऱ्या कागदाच्या तळाशी अंगठा आधीच देऊन गेली.

१२ मार्च, बुध.
हरकतीची उद्या शेवटची तारीख. हद्दीचे दगड, झऱ्याची वाट, वाडीची घरं, सगळं क्रमानं लिहिलं. खाडाखोड एक नाही. 'चुकीचे कारण' एवढं राहिलंय. पुढं चार ओळी जागा. माझं अक्षर बारीक. दोन ओळींत मावेल.