नवे पॅड बसायला वेळ लागतो

२८ सप्टेंबर, रविवार
तालुक्याचे पुढारी आण्णा, त्यांची गाडी आली. ड्रायव्हर सुदाम घेऊन आला. तक्रार एकच, मागचा एसी गार करत नाही. गाडी शेडमध्ये घेताना पुढच्या चाकांतून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला. सुदाम म्हणाला, तीन महिने झाले सांगतोय, आण्णा म्हणतात गाडी थांबती ना, मग झालं.
वीस वर्षं गॅरेज चालवतोय. आमच्या युसूफ वडगाव गावात एसीसाठी गाडी लगेच येते, ब्रेकसाठी कुणी येत नाही. एसी पाव्हण्याला दाखवता येतो. ब्रेक कुणाला दाखवणार?

२९ सप्टें., सोमवार
केबिन फिल्टर काढला. धूळ, कापसाचे पुंजके, एक मेलेली पाल. कंडेन्सरच्या जोडावर साबणाचं पाणी लावलं तर फुगे आले, गॅस तिथूनच जात होता. कॉम्प्रेसर बिचारा अजून टिकलाय हेच नवल. आण्णा दहाव्याला जावोत की लग्नाला, गाडी बाहेर चालूच ठेवायची, परत येऊन बसताना सीट गार लागली पाहिजे. सुदामने मात्र आत बसायचं नाही, सीटला घामाचा वास लागतो म्हणे. तो बाहेर उन्हात उभा आणि रिकामी गाडी गार.
पुढचे ब्रेक पॅड पार संपलेत. पॅडमागचा पत्रा चाकाच्या डिस्कवर घासून नांगरल्यासारखे चर पडलेत. आण्णांना फोन केला. "काय लागतंय ते टाक. पर दसऱ्याला सकाळी आठला गाडी पायजे."

३० सप्टें., मंगळवार
डिस्क आणि पॅड बीडहून एसटीने मागवले. कंडक्टरने केजला उतरवून दिले, मी मोटारसायकलवर घेऊन आलो. सौ. म्हणाली, घरातल्या दुखण्याला कधी इतकी धावपळ केली नाही. खरं आहे.

१ ऑक्टो., बुधवार. खंडेनवमी
दुपारी बारापर्यंत डिस्क, पॅड बसवले. ब्रेक ऑइल नवीन टाकलं, हवा काढली. एसीत गॅस भरला. चाकं तेवढी राहिली, आणि दादांनी पान्यांवर हात ठेवला.
दादा म्हणजे माझे वडील. चाळीस वर्षं ऊस तोडला, आता शेडमध्ये खुर्ची टाकून बसतात. खंडेनवमीला लोखंड एकदा पूजेला मांडलं की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही हा त्यांचा कायदा. म्हणालो, पाव तास द्या, चाकं चढवतो. "वर्षातून एक दिस त्याला इसावा. तेबी तुला बघवंना?" पाने, जॅक, हातोडे, सगळं पोत्यावर मांडलं. मधोमध त्यांचा कोयता. सात वर्षं त्याने एक कांडं तोडलेलं नाही, पण धार अशी की दाढी करावी. दरसाल धुवायचा, पुसायचा, तेल लावायचं.
आण्णांच्या गाडीलाही हळद-कुंकू, झेंडूची फुलं. स्टँडवर, बिनचाकांची. दादांनी सगळीकडे पाणी शिंपडलं. मीपण हात जोडले.

२ ऑक्टो., गुरुवार. दसरा
आठला आण्णा हजर, सोबत चार माणसं. दहा मिनिटांत चारी चाकं चढवली. आण्णा मागच्या सीटवर जाऊन बसले, एसीच्या जाळीसमोर पंजा धरला, वीस मिनिटं धरूनच होते. मग चौघांनाही एकेक करून पंजा धरायला लावला. सगळे म्हणाले, लई गार. निघाले.
ब्रेकच्या कामानंतर गाडी फाट्यापर्यंत नेऊन तीनदा कचकन थांबवून बघायची, ही माझी पद्धत. आज राहिलं.
अकराला सुदामचा फोन. "मिस्त्री, पायडल कडक हाय पर गाडी धरंना." म्हणालो, नवे पॅड बसायला वेळ लागतो, शंभर किलोमीटर जाऊ दे.
संध्याकाळी सोनं वाटलं. जेवण जड झालं.

३ ऑक्टो., शुक्रवार
काल चार वाजता नांदूरघाटहून येताना वळणावर समोर ट्रॅक्टर आडवा आला. सुदामने गाडी बाभळीवर घातली. ट्रॅक्टरवर बायका होत्या, त्या वाचल्या. आण्णांच्या कपाळाला टेंगूळ. सुदामचा उजवा पाय दोन ठिकाणी मोडला.
क्रेनने गाडी माझ्याच दारात आणून टाकली. क्रेनसोबतचे आण्णांचे लोक म्हणत होते, दसऱ्याची टाकली होती त्याने. सुदाम चहा सोडून काही पीत नाही. पितही नाही आणि उलट बोलतही नाही, म्हणून तर तिथे नऊ वर्षं टिकला.

४ ऑक्टो., शनिवार
पुढची चाकं काढली. डिस्क काळ्या, चिकट. पॅड भिजलेले. वाटलं पॅड दाबणाऱ्या कॅलिपरमधून ब्रेक ऑइल गळालं, म्हणजे चूक माझी. कॅलिपर कोरडाठाक. बोट लावून हुंगलं.
करडईचं तेल.
बोट फडक्याला पुसलं. मग दादांना विचारलं, आवाज साधा ठेवून. म्हणाले, "दसऱ्याला पाटे उठून बघतुय तर त्या चाकाच्या पाट्या लाल पडल्त्या. नवंकोरं लोखंड आन गंज? म्हनून पुसल्या तेलानं, कोयत्यावानी. कावून?"
म्हणालो, काही नाही.
पाणी लागलं की डिस्कला रात्रीत लाली येते, दोनदा ब्रेक दाबला की जाते. तेल लागलं तर मात्र पॅड धरतच नाहीत. हे त्यांना कोण सांगणार होतं. लोखंड लाल दिसलं की तेल लावायचं एवढंच त्यांना ठाऊक, आणि ते त्यांनी जीव लावून केलं. त्यांच्यावर राग काढायचा प्रयत्न केला, निघेना. फाट्यापर्यंत एक चक्कर मारली असती तर पहिल्याच ब्रेकला कळलं असतं. आणि सुदामने अकराला सांगितलं होतं. सांगितलं होतं की.
डिस्क पेट्रोलने धुतल्या. पॅड दुसरे टाकले. तेलकट पॅड फेकायला निघालो, हात होईना. कागदात गुंडाळून पत्र्याखाली आडव्या बांबूवर ठेवले.

५ ऑक्टो., रविवार
आण्णा आले. कपाळावर पट्टी. आधी विचारलं, एसीला काही झालं का. मग म्हणाले, "तो म्हंतो ब्रेक लागला न्हाई. तू सांग, ब्रेकात काई दोष व्हता?"
"न्हाई."
एवढंच बोललो. धमकी नाही, आमिष नाही. त्यांनी विचारलं, मी सांगितलं. खरं सांगितलं असतं तर आण्णांनी गॅरेज ठेवलं नसतं. मागची जागा त्यांच्याच भावकीची, तालुक्यातल्या निम्म्या गाड्या त्यांच्या शब्दावर येतात. आणि दादांचं नाव गावभर झालं असतं. अशी कारणं मला दिवसभर सुचतायत, एकापेक्षा एक चांगली.
आण्णांनी तिथूनच फोन लावला. सुदामला म्हणावं, पाय बरा झाला तरी येऊ नको.

९ ऑक्टो., गुरुवार
केजच्या दवाखान्यात गेलो. केळी नेली. सुदाम बघून हसला, बाजूला सरकून जागा केली. वाटलं होतं शिव्या देईल, मी तयारी करून गेलो होतो. तो म्हणाला,
"मिस्त्री, मी लई इचार केला. तुमी काम केल्यावर ब्रेक लागंना असं व्हईल का? माझाच पाय चुकला असंल. ब्रेक म्हनून क्लच दाबला असंल."
म्हणालो, घाईत होतं असं कधी कधी.
हे मी म्हणालो. कुणी म्हणायला लावलं नव्हतं.

१९ ऑक्टो., रविवार
आण्णांची गाडी तयार होऊन गेली. नवा बंपर, नवा दिवा. या वेळी फाट्यापर्यंत सहा वेळा नेली, जागच्या जागी थांबते. नवा ड्रायव्हर म्हणाला, ब्रेक एक नंबर. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली.
आण्णा चार माणसांत म्हणाले, या मिस्त्रीसारखा इमानी माणूस तालुक्यात नाही. दादा ऐकत होते. दिवाळीचा फराळ करताना दोनदा तेच बोलले. करंजी तशीच ताटात ठेवली. सौ. विचारते काय होतंय. पित्त म्हणालो.

६ नोव्हें., गुरुवार
ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. सकाळपासून रस्त्याने ट्रॅक्टर, वर पाचटाची चटई, भांडी, कोंबड्या, माणसं. एका ट्रॉलीत सुदामची बायको दिसली. तिच्या भावासोबत कारखान्याला चाललीय. नऊ वर्षांत ती उसाला गेली नव्हती. नवरा ड्रायव्हर आहे, आता कोयता माळ्यावर टाकला, असं ती सगळ्यांना सांगायची.
ट्रॅक्टर हवा भरायला माझ्याच दारात थांबला. तिने दादांना नमस्कार केला. दादांनी तिच्या हातातला कोयता घेतला, धार बघितली, दोन बोटं तेल लावून परत दिला. म्हणाले, जपून. मी कॉम्प्रेसरच्या मागे उभा होतो, ट्रॅक्टर जाईपर्यंत बाहेर आलो नाही.

२३ नोव्हें., रविवार
सुदाम आला. कुबड्यांवर, फाट्यापासून चालत. काम मागायला आला होता. "बसून करायचं काईबी द्या. गाडीला हात लावनार न्हाई मी आता. माझा भरोसा न्हाई." हे शेवटचं तो अगदी सहज म्हणाला. दुसऱ्याच कुणाबद्दल सांगावं तसं.
चहा मागवला. दादा खुश, त्यांना बोलायला माणूस मिळाला. पाय कसा मोडला, गाडी कोणती, सगळं विचारलं. मी पाना हातात घेऊन उभा. दादा म्हणाले, "आण्णाची पांढरी गाडी? तिची लई निगा केल्ती मी. त्या चाकाच्या पाट्या लाल पडल्त्या. दसऱ्याच्या सकाळी तेलानं पुसून चकाचक केल्या, दोनी बाजूच्या."
सुदामने कप खाली ठेवला. नऊ वर्षं गाडी चालवलेला माणूस. त्याला समजावून सांगायची गरज नव्हती.
दादांकडे बघून मान हलवली. "बरं केलं दादा," म्हणाला. मग कुबड्या घेतल्या. मी मागे रस्त्यापर्यंत गेलो.
"कवापासून म्हाईत हाय?"
"चार तारखेपासून."
तो मनात मोजत होता. आण्णा पाचला आले, मी दवाखान्यात नऊला गेलो. केळी.
"झोपंत उठून बसायचो मी. पाय हालवून बघायचो, कुठला पायडल दाबला म्हनून." कुबडी काखेत नीट धरली. नंतर म्हणाला, "म्हाताऱ्याला कळू दिऊ नको. त्याला न्हाई सोसायचं."
आजवर मला अहो-जाहो करायचा. आज 'नको' म्हणाला. बरोबर केलं.
मोटारसायकलवर सोडतो म्हणालो. चालत गेला.

२४ नोव्हें., सोमवार
दादा सकाळपासून विचारतायत, पोरगं चहा अर्धा टाकून कावून गेलं. म्हणालो, पाय दुखत होता. अजून एक खोटं. एवढं एकच त्याच्या सांगण्यावरून, बाकीची माझी.
आठला आण्णांचा फोन. मागचा एसी पुन्हा गार करत नाही, दहाला बंगल्यावर ये. येतो म्हणालो. नेहमी म्हणतो तसंच.
मग पत्र्याखालून कागदाचा पुडा काढला. पॅड अजून तेलकट आहेत. वास गेला नाही.
सुदामला फोन लावला. म्हणालो, आण्णांकडे चाललोय, सांगणार आहे, माझ्या नावावर सांगणार, दादांचं नाव घेणार नाही. गाडी टेस्ट न करता दिली, तू फोन करून सांगितलंस तरी ऐकलं नाही, विचारल्यावर खोटं बोललो. तू चल सोबत. तुझ्या देखत सांगतो.
पलीकडून कुबडी टेकल्याचा आवाज आला.
"आदी तू एकटा जाऊन ये," म्हणाला. "मंग बघू."
साडेनऊ झाले. दादांनी माझी पान्यांची पिशवी भरून ठेवलीय. एसीचं काम आहे म्हणून लहान पाने वर, मोठे खाली, सगळे तेलाने पुसलेले. मी पुडा त्याच पिशवीत टाकलाय.