सोमवारचा काटा

आई, तुझ्या घशात काटा अडकला तो दिवस सोमवार होता. एक्केचाळीस वर्षं मी एवढी एकच गोष्ट जपून ठेवली, आणि तिचा अर्थ मला कळला तो आत्ता तीन वर्षांपूर्वी. तुला लिहायला बसले त्याचं कारण हेच. नाहीतर गेलेल्या माणसाला कागद लिहिणारी बाई समोर आली असती तर मीच तिला बाकावर बसवून तिचा रक्तदाब तपासला असता.

तू गेलीस तेव्हा मी दहा वर्षांची होते. आता मी नर्स आहे, पेडण्यातल्या एका आरोग्य केंद्रात. तीस वर्षं लोकांच्या जखमा धुतल्या आणि लोकांच्या थापा ऐकल्या. जिन्यावरून पडले, गायीने ढुशी दिली, दार लागलं. जिना नसलेल्या घरातल्या बायकासुद्धा जिन्यावरून पडतात हे मला नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळलं. तेव्हापासून माझा कुणावर विश्वास म्हणून बसत नाही. दूध मी तीनदा हुंगते. तुझा जावई म्हणतो, देवळात गेलीस तरी भटाला विचारशील, प्रसाद आजचा की कालचा? विचारीन मी, त्यात काय झालं!

तर तो सोमवार. मी शाळेतून जेवायला घरी आले. बाबा तेव्हा डिचोलीकडे खाणीवर ट्रक चालवायचे, रात्रपाळी करून सकाळी पार्सेला घरी परतायचे. ते स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. तू आत जनेलाच्या गजांखाली भिंतीला टेकून बसली होतीस आणि गळ्याभोवती तुवालो गुंडाळला होतास. चुलीवर मोड आलेल्या मुगांच्या मुगागाठी तळाला लागल्या होत्या, त्यांचा करपट वास अजून माझ्या नाकात आहे. शेजारची काकी वाटीभर खोबरं मागायला आली, तिने तुझ्याकडे पाहिलं आणि बाबांना विचारलं, हिला काय झालं? बाबा म्हणाले, "काटो अडकलो." तू मान डोलावलीस. तुझा आवाज फुटतच नव्हता. काकीने सुक्या भाताचे गोळे गिळायला सांगितले, खोबरं घेतलं आणि गेली. आई, आपल्या घरी सोमवार शिवराक, मासळी वर्ज्य. काकीच्या घरीही, अख्ख्या वाड्यावर. त्या दिवशी कुणाच्या मडक्यात माशाचं खवलंसुद्धा नव्हतं. संध्याकाळपर्यंत पाच बायका येऊन तुला बघून गेल्या, एकीने मिठाच्या गुळण्या सांगितल्या, एकीने केळं. काटा कसला, हे एकीनेही विचारलं नाही.

तू भाताचे गोळे गिळत होतीस ते मला दिसतं. एक गोळा तोंडात, मग डोळे मिटून, दोन्ही हात जमिनीवर दाबून, कसाबसा खाली. तुझ्या डोळ्यांत बारीक लाल ठिपके उठले होते. मी विचारलं तर चुलीकडे बोट दाखवलंस, धूर. मागच्या परसात वाकळ धुऊन वाळत घातली होती. तुला धड उभं राहवत नव्हतं आणि एवढी जड वाकळ तू भरदुपारी का धुतलीस, असं मला तेव्हाही वाटलं होतं. नंतर आवाज थोडा परतला, पण तो घोगरा, दुसऱ्याच कुणाचा तरी. बाबा त्या आठवड्यात फार चांगले वागले. गोड खाजं आणलं, विहिरीचं पाणी स्वतः ओढलं. आणि दुसऱ्या आठवड्यातल्या शुक्रवारी सकाळी माझी वेणी घालता घालता तुझ्या हातातली फणी पडली. उजवा हात वर उठेना, तोंड वाकडं झालं. लोक म्हणाले, अंगावरून वारं गेलं, विहिरीवर उघड्या अंगाने आंघोळ करत असणार. तू तेहतीस वर्षांची होतीस. महिनाभर खाटेवर पडून होतीस, मग गेलीस. सोमवार ते शुक्रवार, मधले अकरा दिवस मी पुढे कितीदा बोटांवर मोजले.

तीन वर्षांपूर्वी आम्हाला एका प्रशिक्षणाला पाठवलं. अशा ठिकाणी मला चहाबरोबरचा समोसा तेवढा आवडतो, बाकी मी मागे बसून हिशेबाने झोपते. पण त्या दिवशी एक डॉक्टरीणबाई गळा दाबण्याबद्दल बोलत होत्या, माणूस मरत नाही त्या गळा दाबण्याबद्दल. मी वहीत उतरवत होते. आवाज बसतो. गिळताना दुखतं. डोळ्यांत रक्ताचे ठिपके येतात. काही क्षण शुद्ध जाते, कपड्यात लघवी होते, आणि नंतर त्यातलं बाईला धड आठवतही नाही. मानेवर पुष्कळदा वळ नसतो. पण आत मेंदूकडे जाणारी शीर फाटू शकते, तिथे गुठळी धरते, आणि चांगली हिंडतीफिरती बाई दहा-पंधरा दिवसांनी अर्धांगाने पडते. माझं पेन तिथेच थांबलं. ठिपके, वाकळ, घोगरा आवाज, अकरा दिवस. शेजारच्या नर्सने विचारलं, बरं नाही वाटत? मी म्हटलं, समोसा तेलकट होता.

पुढच्या वर्षीच्या श्रावणात इब्रामपूरच्या बाजूची एक मुलगी आली. असेल पंचवीस-सव्वीसची. नवरा बरोबर, आणि बोलतोय तोच. म्हणाला, घशात काटा अडकलाय, बघून गोळ्या द्या, आम्हाला परत जायचंय. ती गळ्याशी ओढणी धरून बसलेली. तो दारात उभा होता आणि ते उभं राहणं मी ओळखलं. मी त्याला म्हटलं, आधार कार्डाची झेरॉक्स लागेल, कोपऱ्यावर दुकान आहे. लागत नाही झेरॉक्स, पण दहा मिनिटं मिळतात. तो गेल्यावर मी दार लावलं आणि तिच्यासमोर स्टूल ओढून बसले.

"कसल्या नुस्त्याचो काटो गो?"

"बांगड्याचो," ती म्हणाली. आवाज तुझा, आई. तोच घोगरा.

"श्रावणात?"

तिने ओढणी आणखी घट्ट धरली. मग रडायला लागली, पण आवाजच नव्हता, नुसतेच खांदे हलत होते. मी तिच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, ठिपके होते. हळूच विचारलं, कपडे ओले झाले होते का? तिने तोंड ओढणीत लपवलं. मानेवर म्हणशील तर काही नाही, साधा ओरखडाही नाही. ती एकच म्हणत होती, माका घरा जावंक जाय, धाकटं बाळ घरी आहे. मी तिला सांगितलं, आज घरी गेलीस तर बाळाला आई राहील की नाही मला ठाऊक नाही. असं पेशंटला बोलायचं नसतं. मी बोलले. आमच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी लगेच अॅम्ब्युलन्स बोलावली आणि केसपेपरवर सगळं लिहिलं, शुद्ध गेली होती, कपडे ओले झाले होते, डोळ्यांत ठिपके आहेत. मोठ्या इस्पितळात मानेचा स्कॅन केला तेव्हा आतली शीर फाटलेली निघाली. रक्त पातळ करायची औषधं देऊन तिला तिथेच ठेवून घेतलं. नाहीतर तिचाही कुठला तरी शुक्रवार ठरलेलाच होता.

हवालदार आला तो म्हणाला, वळ नाही, रक्त नाही, नवरा-बायकोचं भांडण, साधी दुखापत लावूया. डॉक्टरीणबाईंनी त्याच्यापुढे स्कॅनचा कागद ठेवला आणि म्हणाल्या, अजून थोडा वेळ दाबला असता तर ही मेली असती, आता लिहा काय ते. खुनाच्या प्रयत्नाचं कलम लागलं. नवरा पुढे जामिनावर सुटला आणि दोनदा आमच्या फाटकासमोर मोटारसायकल लावून नुसता बसून राहिला. ती माहेरी असते. मला मात्र कायम धाकधूक, ही जबाब फिरवणार, ही त्याच्याकडे परत जाणार. तारखेच्या आदल्या दिवशी मी तिच्या आईला तीनदा फोन केला.

परवा बुधवारी माझी साक्ष झाली. त्याच्या वकिलाने विचारलं, बाईने स्वतः काटा सांगितला, मानेवर खूण नाही, मग तुम्हाला संशय यायचं कारण काय? मी म्हटलं, श्रावण होता साहेब. मागे कुणीतरी हसलं. न्यायाधीशबाई हसल्या नाहीत, त्यांनी ते लिहून घ्यायला सांगितलं. मुलगी समोर बसली होती आणि तिने जबाब फिरवला नाही. मी उगाच तिच्यावर संशय घेतला.

पण तुला खरं सांगायचं आहे ते घरी आल्यानंतरचं. बाबा आता आमच्याकडेच असतात. अठ्ठ्याहत्तर झाले, डोळ्यांना नीट दिसत नाही, म्हणून त्यांच्या बांगड्यातले काटे मी काढून देते. बुधवारी जेवताना त्यांनी विचारलं, दिवसभर कुठे होतीस? मी सांगितलं. एकाने बायकोचा गळा दाबला आणि काटा अडकला म्हणून सांगितलं, त्याची केस. सांगताना मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, रोग्याकडे बघते तशी. त्यांचा घास हातातच राहिला. मग त्यांनी विचारलं,

"जगली मगे ती?"

मी म्हटलं, जगली. त्यांनी घास ताटात ठेवला, हात धुतला आणि भिंतीला धरत धरत आपल्या खोलीत गेले.

म्हातारा माणूस, कुणाही बाईची चौकशी करील. माझ्याकडे पुरावा काय, एक सोमवार, एक वाकळ आणि अकरा दिवस. कोर्टात हे पाच मिनिटं टिकणार नाही. पण मला त्यांचा राग येतो, आई, आणि तरी मी त्यांचे काटे काढते. हा कागद तुझ्या जुन्या पेटीत माझ्या सर्टिफिकिटांखाली ठेवीन. बाबांना आता वाचता येत नाही, तरीही कुलूप लावीन.

एक राहिलं. तुझ्यासाठी सुक्या भाताचे गोळे मळले ते मी. तोपर्यंत मी स्वतः ताटात मुगागाठी वाढून घेतल्या होत्या, घरात मासा नाही हे मला ठाऊक होतं. काटा कसला, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. बाबा दारात उभे होते, म्हणून मी विचारलं नाही, एकामागून एक गोळे तुझ्या हातात देत राहिले. परवा त्यांच्या हातात घास धरण्याएवढंही बळ नव्हतं, आणि परवाही मी विचारलं नाही.