सत्तावीस टक्के

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.
नवी एसएसडी आली. लॅपटॉपच्या जुन्या डिस्कने ऐन गणपतीत मान टाकली, त्या जागी ही. च्युइंगगमच्या पट्टीएवढी, एका टोकाला सोनेरी दात. हिच्यावर विंडोज बसवायचं, एवढंच काम. पद्माची एम.ए.ची तोंडी परीक्षा दहा तारखेला, सकाळी अकराला, ऑनलाइन. विषय: मिठागरातल्या बायकांची गाणी. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी हौस आहे. स्लाइड दाखवायच्या म्हणून फोन चालत नाही.

उरणला परेशच्या काँप्युटर दुरुस्तीच्या दुकानात द्या म्हणाली. घरात माणूस असताना? न्हावा शेव्याच्या क्लिअरिंग ऑफिसात तीस वर्षं काँप्युटरसमोर काढली. तीस वर्षांत माझा काँप्युटर तासाभराच्या वर बंद राहिल्याचं आठवत नाही.

पूजा यथासांग केली. पद्मा म्हणे, कुंकू खोक्याला लावा. खोक्याची पूजा करायला मी काय कुरियरवाला आहे? ओलं करून थेट सोनेरी बाजूला लावलं. पाच बोटं. पूजेत हात आखडता घेऊ नये.

फ्रिजवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिलं: ३ तारीख, दुपारी १, लॅपटॉप तयार.

३ ऑक्टोबर
१२.१०. मशीन म्हणतं, ड्राइव्ह सापडत नाही.
१२.१५. परत तेच.
१२.२०. ड्राइव्ह माझ्या डोळ्यांसमोर आहे. मला सापडतो, मशीनला सापडत नाही, म्हणजे दोष कोणाचा ते उघड आहे.
१.००. जेवण. बोंबील.
२.३०. काढून परत बसवली. सापडली! विंडोज कॉपी होऊ लागलं. सत्तावीस टक्क्यांवर थांबलं. पद्मा म्हणाली, मला एक सांगायचंय. म्हटलं, आत्ता नको, सत्तावीसवर आहे.
४.१०. अजून सत्तावीस.
कॅलेंडरवरचा ३ खोडून ५ केला. सुबक झाला.

४ ऑक्टोबर
कारण सापडलं. मिक्सर. पद्माने वाटण काढलं की व्होल्टेज पडतं. आज चटणी पाट्यावर वाटायला सांगितली. तिने सांगितलं की मग वरणभातच होईल.
वरणभात खाल्ला. सत्तावीस टक्के.

५ ऑक्टोबर
खरं कारण: खारी हवा. आमच्या रेवसला गंज कशाला चढत नाही? एसएसडीला दमटपणा बाधला असणार. एक दिवस तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा निर्णय. शास्त्रीय उपाय आहे, फोनला करतात.
पद्मा परत म्हणाली, अहो, ते टोक जरा... म्हटलं, तू तुझ्या गाण्यांकडे बघ. ती बघायला गेली. जरा जोरात गेली.

६ ऑक्टोबर, सोमवार. कोजागिरी.
एसएसडी तांदूळ धुताना सापडली. वेळीच. एक आधणाचं अंतर होतं.
मशीनचा नवा संदेश: या ड्राइव्हवर विंडोज बसवता येणार नाही. ही प्रगती आहे. आधी ओळखतच नव्हतं, आता ओळखून नकार देतंय.
मसाला दूध दोन पेले. पद्मा ओटीवर बसून कागदावरून मोठ्याने तयारी करत होती. खाडीपलीकडच्या एका बाईचं गाणं होतं, मिठाने फाटलेल्या पायांचं. ऐकत राहिलो. ही हे सगळं कधी करत होती? बहुतेक मी टीव्ही बघत असताना.

७ ऑक्टोबर
नारळ पाडायला भागोजी आला. त्याची होडी आहे. झाडावरून उतरल्यावर म्हणाला, काका, आमचं इंजिन चालू व्हत न्हाय तवा आधी प्लग पुसून बगतो, तुमी पुसलंव का? त्याला समजावलं की मासेमारी वेगळी, आयटी वेगळं. तो व्हय म्हणाला आणि पद्माकडे बघून हसला. पद्माही हसली. माझं लक्ष होतं.
आज सत्तावीसही नाही. एकोणीस.

८ ऑक्टोबर
कंपनीने सदोष माल पाठवला हे सिद्ध. तक्रारीचा मेल लिहिला, कडक, दोन पानी. पाठवायला लॅपटॉप नाही.
पद्मा म्हणाली, परवा परीक्षा आहे. एवढंच. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.
दुपारी परेशला फोन केला. सल्ला विचारायला नाही, सहज. तो म्हणाला, काका, ऑफिसात पण तुमचं मशीन अडलं की मीच धावत यायचो ना, मग आठवडाभर का थांबलात? हे मला आठवत नाही. म्हणजे आठवतं. दहाला सकाळी करंज्याहून पहिल्या लाँचने येतो म्हणाला. उद्या दुकान सोडता येत नाही.

९ ऑक्टोबर
काही केलं नाही. कॅलेंडरवरच्या तारखेला हात लावला नाही. तिथे आता कागद उरलेला नाही, भोक आहे.

१० ऑक्टोबर, सकाळ
परेशला आणायला जेटीवर गेलो. लाँच उशिरा. सव्वादहाला त्याला घेऊन धापा टाकत घरी पोचलो. लॅपटॉप चालू. विंडोज शंभर टक्के. पद्मा नवी साडी नेसून स्लाइड पुढेमागे करत होती. पहाटे पाचला उठून, एसएसडी काढून, सोनेरी दात खोडरबराने साफ केले म्हणाली. आठवडाभर हेच सांगायचं होतं म्हणाली.
परेशने चहा घेतला, खोडरबर बघितला आणि परतीची लाँच किती वाजता ते विचारलं. गुणी मुलगा.

१० ऑक्टोबर, दुपार
पास. परीक्षकांनी दोनदा वाहवा केली. मी दाराआड होतो. शेवटी त्यांनी विचारलं, घरच्यांची मदत झाली का? पद्मा म्हणाली, हो, मिस्टरांनी पूजा केली.

दोष कोणाचा ते बघायला ही रोजनिशी पहिल्यापासून वाचली. दसऱ्याच्या पानावर सगळं लिहिलेलं आहे. अक्षर माझंच. पाच बोटं.

मग आत जाऊन तिला सांगितलं, चुकलं माझं. तिने ऐकून घेतलं. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला लॅपटॉप पाटावर येणार नाही म्हणाली. फार हात शिवशिवले तर तुमची ही वही ठेवा, तिला कुंकू लागलं तरी ती चालते.