पडलेल्या हेल्मेटांची आणि लाकडी डोक्यांची वाटणी

मी, फ्लोरिआन पेचोव्निक, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा सुतारकाम, राहणार पॉदगोरा, मेझा नदीचे खोरे, स्लोव्हेनिया, हे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंनी तसा दाखला दिला आहे, पण त्याची मला गरज नव्हती. एकेचाळीस वर्षे मी या खोऱ्यातल्या स्की शर्यतपटूंची डोकी मोजली, त्यांच्या हेल्मेटांना आतून अस्तर बसवले आणि शर्यतीच्या सकाळी सुरुवातीच्या दाराशी टेबल टाकून प्रत्येक हेल्मेट तपासले. कोणाचे डोके कुठे आहे हे मला कळते. हे लिहिण्यासाठी मला कोणी धमकावले नाही की पाजले नाही. मेहुणा विली काल बाटली घेऊन आला होता, ती मी प्यालो, पण त्यामुळे विलीचा काही फायदा झालेला नाही, हे पुढे दिसेलच.

कलम १. राहते घर, मागची सफरचंदाची झाडे आणि विहीर माझी एकुलती एक मुलगी तादेया हिला. ती त्सेल्येला राहते, इथे येऊन राहणार नाही हे मला माहीत आहे. तिने खुशाल विकावे. फक्त विलीला विकू नये.

कलम २. माझा हाताने फिरवायचा गिरमिट विलीला. तो १९८८ पासून त्याच्याकडेच आहे. "दोन दिवसांत देतो रे," म्हणाला होता. निदान माझ्या मरणानंतर तरी तो त्याच्याकडे कायदेशीर असावा.

कलम ३. कारखान्यातल्या फळीवर लिंडनच्या लाकडाची एकतीस डोकी आहेत. ज्याला अस्तर नीट बसवायचे त्याच्या मापाचे डोके मी आधी कोरत असे. ज्याचे डोके त्याला परत द्यावे, मानेखाली नाव आहे. प्रशिक्षक रादोची दोन आहेत. पहिले तो शर्यतीत उतरत असे तेव्हाचे, घेर सत्तावन्न सेंटिमीटर. दुसरे राष्ट्रीय संघाने त्याला सल्लागार नेमले तेव्हाचे, घेर साठ. मोठ्या माणसाचे डोके वाढत नाही असे डॉक्टर सांगतात. त्यांनी रादो पाहिलेला नाही. जे वारले त्यांची डोकी त्यांच्या बायकांना द्यावीत. नको असतील तर लोकरीच्या टोप्या वाळत घालायला उपयोगी पडतात.

कलम ४. माळ्यावर चौदा हेल्मेटे आहेत. ही सगळी पडलेली आहेत, म्हणजे ती घालून कोणी ना कोणी जोरात आपटले आहे. बाहेरून नवी दिसतात, म्हणून तर लिहितो आहे. हेल्मेट एकदाच वाचवते. ते घालून पुन्हा कोणीही उतारावर जाऊ नये. हवी तर कुंड्या करा. या बाबतीत माझ्याशी सगळ्या खोऱ्याने हुज्जत घातली आहे. एकदा आमच्या खोऱ्यातला शर्यतपटू ग्रेगा जोरदार आपटला आणि दुसऱ्या दिवशी तेच हेल्मेट घेऊन टेबलापाशी हजर.

"काका, हे माझं नशिबाचं हेल्मेट आहे!"

"होतं. नशीब काल संपलं. आता नुसतं हेल्मेट आहे."

"ओरखडासुद्धा नाहीये हो!"

"ओरखडा बाहेर शोधतोस, गाढवा? आतलं अस्तर दबलंय. दुसरं आण नाहीतर खाली जाऊन चहा पी."

तो चहा प्यायला गेला. मला शिव्या देतच गेला.

कलम ५. टपाल बचतीतली निम्मी रक्कम आमच्या स्की क्लबला, नव्या हेल्मेटांसाठी. उरलेल्या निम्म्यातून माझ्या अंत्यविधीनंतरचे जेवण. मांसाचा रस्सा गुलाश असावा आणि अक्रोड भरून गुंडाळलेली गोड पोतित्सा असावी. रादोने भाषण करू नये.

कलम ६. हे कलम तादेयासाठी आहे आणि लिहायला मला तीन संध्याकाळी लागल्या.

कारखान्यात कपाटाच्या मागे पोत्यात गुंडाळलेले एक पांढरे हेल्मेट आहे, मधोमध करवतीने कापलेले. तादेया, फेब्रुवारी २००२ मध्ये लांब वळणांच्या शर्यतीतून राष्ट्रीय संघाची निवड होणार होती. तू सतरा वर्षांची होतीस आणि तुझी निवड होणार हे रादोपासून पाद्रीबुवांपर्यंत सगळे सांगत होते. आदल्या दिवशी सरावात तू पडलीस, हे मला दुसऱ्याकडून कळले. सकाळी तू टेबलावर हेल्मेट ठेवलेस.

"काल आपटलीस?"

"घसरले फक्त."

"दुसरं हेल्मेट आण."

"आत्ता कुठून आणू? बाबा, आज निवड आहे!"

"पडलेलं हेल्मेट माझ्या टेबलावरून पुढे जात नाही."

तू छातीवरचा नऊ नंबर काढलास, घडी करून माझ्यापुढे ठेवलास आणि हेल्मेट तसेच टाकून निघून गेलीस. त्यानंतर तू कधीच शर्यतीत उतरली नाहीस. त्या संध्याकाळी मी ते हेल्मेट कापले, तुला आतली चीर दाखवावी म्हणून. चीर नव्हती. अस्तर सगळीकडे सारख्या जाडीचे होते, कुठेही दबलेले नव्हते. तुझ्या आईला मी सांगितले, "फुटलेलं होतं." झोफिया तेच खरे मानून गेली. बावीस वर्षे तू दर ईस्टरला येतेस, हॅम खातेस, हवेबद्दल बोलतेस आणि चारच्या गाडीने जातेस. मी एका चांगल्या हेल्मेटापायी तुझे अख्खे आयुष्य दारात अडवले. मला फार वाईट वाटते. माफी मागायची हिंमत झाली नाही म्हणून मृत्युपत्रात मागतो.

(या मजकुराची स्वच्छ प्रत शेजारीण हेदविगा रेपनिक हिने टाइप केली. इथे आल्यावर ती थांबली आणि चष्मा काढून म्हणाली, "फ्लोरी, हे तिला तू मेल्यावर कळणार. मग तिने भांडायचं कोणाशी? फोटोशी?" मी म्हटले, टाइप कर. तिने केले, पण मशीन आपटत केले.)

पुरवणी, रविवार, १४ एप्रिल २०२४. आज माझा वाढदिवस म्हणून तादेया जेवायला आली होती. सूप झाल्यावर मी तिला कलम ६ मोठ्याने वाचून दाखवले. तिने चमचा खाली ठेवला.

"बाबा, ते हेल्मेट माझं नव्हतंच."

"म्हणजे?"

"मेलिताचं होतं. सारखंच पांढरं होतं ना, मी माझे स्टिकर लावले. माझं तर कानापासून टाळूपर्यंत उकललं होतं. रात्री नदीत टाकलं."

मेलिता म्हणजे क्लबातली तिची मैत्रीण; तिचे डोके तादेयाच्या डोक्यापेक्षा अर्धा सेंटिमीटर मोठे. ते अस्तर मीच बसवलेले. आणि मी ओळखले नाही! एकेचाळीस वर्षांच्या कामाबद्दल मी यापुढे गावात बढाई मारणार नाही.

"मग टेबलापाशी बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर माझं कुठाय ते विचारलं असतंस. बाबा, त्या सकाळी मला एकाच्या जागी दोन-दोन झेंडे दिसत होते. तुझा चेहरासुद्धा दोनदा दिसत होता. हेल्मेट शाबूत होतं, डोकं नव्हतं. तू सोडलं असतंस तर मी गेले असते."

मी विचारले, "मग बावीस वर्षं रागावलीस कशाला?"

"कारण तू बरोबर होतास. चुकला असतास तर तिथेच भांडले असते."

मी रडलो. तीही रडली, आणि चारची गाडी चुकली.

सबब कलम ६ रद्द. मेलिताला नवे हेल्मेट मी हयातीतच देणार आहे, त्यामुळे त्यासाठी वेगळे कलम नाही. बाकी सर्व कायम.

सही: फ्लोरिआन पेचोव्निक
स्थळ: पॉदगोरा. सोमवार, १५ एप्रिल २०२४

आमच्यासमक्ष सही केली, शुद्धीवर होते:
१. हेदविगा रेपनिक, शेजारीण
२. ब्रांको शुमाह, निवृत्त पोस्टमन

ही सही होत असताना तादेया शेजारच्या खोलीत झोपलेली होती. अजून गेलेली नाही.