पाळीचा हक्क

९ जानेवारी २०२५

निवड झाली! माझी!

तरुण वकिलांची निबंध स्पर्धा, दिल्लीच्या एका संस्थेची. पहिला येईल त्याला वर्षभराची फेलोशिप — दिल्लीत राहायचं, बायकांच्या हक्कांच्या केसेसवर काम करायचं, मोठमोठ्या वकिलांच्या हाताखाली शिकायचं. शेवटच्या फेरीत देशभरातून मोजकेच उरलेत आणि त्यात मंचरची मी. धावत अब्बांच्या दुकानात गेले. ते कुणाच्या तरी पाण्याच्या मोटरचं रिवाइंडिंग करत होते. हातातली तार न सोडता म्हणाले, अच्छा है. त्यांचं एवढं म्हणजे हत्तीवरून साखर वाटल्यासारखंच.

मेलची शेवटची ओळ मात्र कळली नाही. ‘इतक्या नाजूक विषयावर उघडपणे लिहिण्याच्या आपल्या धैर्याला सलाम.’ यात नाजूक काय आहे? सामाईक विहीर असते, तिचे चार हिस्सेदार असतात, प्रत्येकाला मोटर चालवायला वार ठरलेला असतो. त्याला आमच्याकडे पाळी म्हणतात. बाईमाणूस एकटी पडली की भाऊबंद तिची पाळी खातात. त्यावर निबंध. नाव — ‘पाळीचा हक्क : आंबेगाव तालुक्यातल्या स्त्रियांचा अनुभव’.

हे नाव आत्ता स्वतःच्या अक्षरात लिहिलं आणि लक्षात आलं.

या अल्लाह.

१० जानेवारी

तरी त्यांना दोष देता येत नाही. कुठल्याही भारतीय भाषेत लिहा म्हणाले, म्हणून मी मोठ्या ऐटीत मराठीत लिहिलं. परीक्षकांसाठी सारांशाचं इंग्रजी यंत्राने केलं. आज तोच सारांश मी स्वतः यंत्रात घालून पाहिला. माझी अशील धोंडाबाई, पेठची, नवरा वारलेला. यंत्राचं म्हणणं — हिला पाळी दर सोमवारी यायची, तीही रात्रीच. धाकटा दीर गेणू याने तिची पाळी बळकावली. पाळी चुकली की कांदा जळतो.

आणि हे वाचून दिल्लीतली शिकली-सवरली माणसं हळहळली! या बाईला आधी दवाखान्यात न्या, असं एकालाही वाटू नये?

१३ जानेवारी

सावळेराम सरांना सांगावंच लागलं. माझे सीनियर. माझं वाक्य संपेपर्यंत त्यांचे कान लाल झाले होते. उभी हयात या माणसाने कोर्टात पाळी-पाळी करत युक्तिवाद केले. कधी काही वाटलं नाही. आज एका पक्षकाराला म्हणाले, तुमचा तो... टर्न कोणत्या वारी असतो? तो बिचारा म्हणाला, कंचा टर्न, हायवेवरचा का?

सरांचं मत असं, की चूक त्यांची आहे आणि आपण काही अपील कोर्ट नाही. मूग गिळून बस.

१४ जानेवारी

‘आपला काही गैरसमज झाला आहे’ असा मेल लिहिला. पाठवला नाही.

१५ जानेवारी

का नाही पाठवला, ते इथे तरी खरं लिहावं. मला जायचंय. सनद मिळाली तेव्हापासून सरांची बॅग धरते, तारखा घेते, झेरॉक्स काढते. पक्षकार मला विचारतात, वकील कधी येणार? मी समोर उभी असते, काळा कोट घालून! त्यांना वाटतं थंडी वाजते म्हणून घातलाय. इतकं जायचंय की पोटात दुखतं. (आता याचेही दोन अर्थ निघतील.)

१९ जानेवारी

पेठला गेले. निदान विहीर तरी पुन्हा डोळ्यांनी पाहावी म्हटलं.

धोंडामावशी बांधावरून पुढे, मी मागे. हातात काठी आणि तोंडाने उगाच खाकरत चाललेली. विहिरीला लागून गेणूचा ऊस आहे आणि उसात बिबट्याचा वावर. गेल्या महिन्यात शेजारचं कुत्रं नेलं. म्हटलं, मावशी, तू तेव्हा रात्रीची एकटी यायचीस इथे? ती म्हणाली, “यायचे की. लाइनच रातची, काय करती?” लाइन म्हणजे मोटरची वीज, ती तेव्हा रात्रीच असायची. निबंधातला माझा लाडका परिच्छेद हाच आहे — बिबट्याच्या रानात रात्री एकटीने पाणी भरणारी निडर स्त्री.

चार वर्षांपूर्वी तिचा सोमवार गेला. गेणूचं कोर्टात म्हणणं आहे, तिने स्वतःहून सोडला. कोर्टाला ते पटलं तर दावा संपला आणि तिचं पाणीही संपलं. पुढे फक्त पावसावर जगायचं. तिचा जबाब मागेच झालाय, त्यात ती एवढंच म्हणाली की गेणूने येऊ दिलं नाही. मी आज परत विचारलं, नक्की काय झालं होतं? ती उसाकडे बघत म्हणाली, “आता काय सांगू बाई तुला.” तिचं ते मौनही मी निबंधात घातलंय. ‘पिढ्यानपिढ्यांचं मौन’ असं.

इतकी वर्षं गप्प बसलेली बाई कोर्टात आली ती माझ्यामुळे. मीच पेठच्या देवळात कायद्याच्या माहितीचं शिबिर घेतलं होतं. बायका हळदीकुंकवाला आल्यासारख्या आल्या आणि चहा पिऊन गेल्या. पण पुढच्याच आठवड्यात धोंडामावशी ऑफिसात हजर! त्या दिवशी मला वाटलं होतं, आपलं शिकणं कुणाच्या तरी उपयोगी पडलं.

२ फेब्रुवारी

मुलाखत झाली. लॅपटॉपवर. तीन परीक्षक, मधल्या बाई फार प्रेमळ.

ठरवूनच बसले होते की आज खरं सांगायचं. बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, तुमच्या निबंधाचा गाभा काय? माझं इंग्रजी नेमकं अशा वेळी दगा देतं. मी म्हटलं, “मॅडम, इट इज अबाउट वेल.”

“येस! वेल-बीइंग!” बाई म्हणाल्या.

“नो मॅडम, वेल. वॉटर.”

“हो हो, स्वच्छ पाणी तर हवंच,” दुसरे परीक्षक म्हणाले आणि काहीतरी लिहून घेतलं. मग मी विहीर हाताने काढून दाखवली, गोल. बाईंचे डोळे भरून आले. म्हणाल्या, हे चक्र आपल्याला मोडायचंय.

यानंतर मी नाद सोडला. माणसाने किती झगडावं?

११ फेब्रुवारी

दुकानाच्या पत्त्यावर दोन खोकी आली. अब्बांना वाटलं तांब्याची तार. गिऱ्हाइकांसमोर उघडली. त्यांनी एक पाकीट हातात घेऊन वाचलं, शांतपणे परत ठेवलं, खोकं बंद केलं आणि मला हाक मारली. “उजमा, ये अपना माल नहीं है.”

सोबत दिल्लीच्या बाईंची चिठ्ठी — धोंडाबाईंसाठी, प्रेमपूर्वक.

धोंडाबाई आज्जी आहे. खोकी शाळेतल्या मुलींना देऊन आले. हेडबाई म्हणाल्या, खूप गरज होती गं. आमच्या या फजितीत एवढी एकच गोष्ट योग्य पत्त्यावर पोचली.

१७ मार्च

उद्या गेणूचा उलटतपास. उद्याच्या तारखेनंतर तो मेल पाठवायचाच. दिल्ली गेली तर गेली. खोटं मिरवत तिथे वर्षभर राहणं मला जमणार नाही. रडू आलं थोडं.

१८ मार्च

आज काय झालं ते नीट लिहिते. नातवंडांना वाचून दाखवायचंय.

सर उलटतपासाला उठले. म्हणाले, वादीचा जो... टर्न... मग घसा खाकरला, परत टर्नपाशी आले आणि तिथेच अडकले. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाले, तू घे. सनद मिळाल्यापासून पहिल्यांदा मी उभी राहिले ती माझ्या विद्वत्तेमुळे नव्हे, सरांच्या लाजेमुळे! असो.

मी विचारलं, धोंडाबाईंनी सोमवारी यायचं का थांबवलं? गेणू म्हणाला, “ती बाहेरची व्हती.”

जज्जसाहेब नागपूरकडचे. त्यांनी विचारलं, बाहेरची कशी, तुमच्या सख्ख्या भावाची बायको ना?

“तसं न्हाई सायेब. तिला पाळी व्हती.”

“तिला पाळी होती हाच तर दावा आहे. म्हणजे तुम्ही कबूल करता?”

“ती पाळी न्हाई सायेब. बायांची पाळी.”

टायपिंग थांबलं. सर टेबलाखाली पेन शोधायला लागले. पेन त्यांच्या खिशाला होतं.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. विचारलं, मग तुम्ही काय केलंत?

“काय करनार? ती म्हनली बाहेरची हाय. म्हनलं, मग हिरीवर पाय ठिवू नको, पानी इटाळतं. पुढच्या सोमवारी तेच, त्याच्या पुढच्या सोमवारी तेच. मग मीच धरला सोमवार.”

“म्हणजे तुम्ही त्यांना अडवलंत.”

“अडवायचं काय त्यात? रीतच हाय आमची.”

बस्स! स्वतःहून सोडली म्हणणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं, मी येऊ नको म्हणालो. टायपिंगवाल्याने हळूच विचारलं, दोन्हीकडे पाळीच लिहू का साहेब? जज्जसाहेबांनी विचार करून तोडगा काढला. विहिरीची ती पाळी क्रमांक एक, दुसरी ती पाळी क्रमांक दोन. आता सरकारी कागदावर कायमचं नोंदलं गेलं — ‘पाळी क्रमांक दोन असल्याकारणाने वादीस पाळी क्रमांक एक दिली नाही.’ गेणूच्या वकिलांना विचारलं, फेरतपास करायचा का? ते घाईघाईने म्हणाले, काही विचारायचं नाही. माना खाली सगळ्यांच्या.

घरी येताना जीपमध्ये हसले. मग एकदम संताप आला. इटाळतं म्हणे! त्याचा ऊस त्याच पाण्यावर डोलतो. आणि ही बाई चार वर्षं आभाळाकडे बघत बसली.

१९ मार्च

‘गैरसमज झाला आहे’ हा मेल पाठवायची गरजच उरली नाही! गैरसमज नव्हताच. परीक्षकांना माझ्याआधी कळलं होतं. विहिरीबद्दल सगळं सरळ लिहिलं, कालच्या जबाबाचं इंग्रजी मी स्वतः केलं — यंत्राला हात लावू दिला नाही — आणि पाठवून दिलं.

२५ एप्रिल

निकाल. दावा मंजूर! धोंडामावशीचा सोमवार परत. गेणूला कायमचा मनाई हुकूम, पुन्हा अडवायचं नाही. निकालपत्रात एक वाक्य असं आहे की सर मोठ्याने वाचायला गेले आणि मला वाचायला दिलं.

मावशी कोर्टाच्या पायरीवर बसून होती. मी सांगितल्यावर तिने पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, औंदा कांदा लावीन.

१२ मे

मिळाली! फेलोशिप मिळाली! प्रेमळ बाईंचा स्वतः फोन. म्हणाल्या, विहीर आणि शरीर, दोन्हीवरचा हक्क एका शब्दात मावतो, हे तुम्ही आम्हाला शिकवलं. मी म्हटलं, थँक यू मॅडम. वेल.

अब्बांनी आज दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं.

२० मे

सर परत पाळी म्हणायला लागले. पण आधी ‘क्रमांक एक’ लावतात.

८ जून

उद्या सकाळी निघायचं. बॅग भरत असताना धोंडामावशी पेढे घेऊन आली. मी म्हटलं, मावशी, गेणूने विटाळाच्या नावाखाली अडवलं हे तू मला आधीच का नाही सांगितलंस? तिला हसू आवरेना.

“अगं, कसली पाळी? माझी तर तवा बंद व्हऊन दोन वरसं झाली व्हती. उसात वाघ बसायचा रातचा. भ्या वाटतं म्हनले असते, तर गेणू म्हनला असता, मग सोड पाळी. बाहेरची म्हनलं की बापय मानूस पुढं इचारत न्हाई.”

मग इतकी वर्षं गप्प का बसलीस?

“लाइन रातचीच व्हती ना! दिसाची झाली तवा आले की तुझ्याकडं.”

पेढा हातातच राहिला. एवढं कोर्ट, एवढी दिल्ली, आणि त्यात मी आणि त्या प्रेमळ बाई, दोन बायका असून... लागोपाठ तीन सोमवार! कुणीच मोजले नाहीत.

यंत्राचं भाषांतर बरोबर होतं. तिला पाळी दर सोमवारी यायची, तीही रात्रीच.